गाडीचे दिवे, बटणं आणि वॉरंटी: गाडी उभी असतानाच शिकून घ्यायचा क्रम

डॅशबोर्डवर अनोळखी दिवा लागला की बहुतेकांच्या हातून दोनपैकी एक चूक होते. कुणी घाबरून भर रस्त्यात गाडी बंद करतं, तर कुणी ‘गाडी तर नीट पळतेय’ म्हणत आठवडाभर तशीच चालवतं. पहिल्या चुकीत मागून धडक बसण्याची भीती असते. दुसरीत इंजिन जाऊ शकतं, आणि दिवा लागलेला असतानाही गाडी चालवली म्हणून वॉरंटीचा दावाही नाकारला जाऊ शकतो. म्हणूनच नवी गाडी घेतलेल्या ओळखीच्यांना मी बटणं, दिवे आणि वॉरंटी या तिन्ही गोष्टी एकत्रच शिकायला सांगते. दिवा लागल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत काय केलं यावर पुढचा खर्च कुणी सोसायचा हे बऱ्याचदा ठरतं, आणि त्या दहा मिनिटांत पुस्तक उघडून शोधाशोध करायला सवड नसते.

खालचा क्रम शक्यतो मोडू नका. एका बैठकीत जमला नाही तर दोन बैठका घ्या.

## टप्पा १: तयारी

दिवसाउजेडी, मोकळ्या आणि सपाट जागी गाडी उभी करा आणि हँडब्रेक ओढा. सोबत मॅन्युअल, वॉरंटी पुस्तिका, फोन आणि एक छोटी वही घ्या. तासभर तरी लागेल, तेव्हा घाईच्या दिवशी बसू नका.

मॅन्युअल तुमच्याच मॉडेलचं आणि तुमच्याच वर्षाचं आहे का ते आधी पाहा. एकाच नावाच्या गाडीचे पाच-सहा प्रकार निघतात आणि सगळ्यांना मिळून एकच पुस्तक असतं. ‘काही प्रकारांतच उपलब्ध’ अशी खूण ज्या पानांवर असेल, त्यातलं आपल्या गाडीत काय आहे आणि काय नाही, ते पेन्सिलीने लिहून ठेवा. ही खूण न पाहिल्यामुळे गाडीत नसलेलं बटण शोधत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

इशारा: बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून सराव करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही, त्यामुळे तो साचतोय हे कळत नाही.

## टप्पा २: दिव्यांची हजेरी घ्या

किल्ली ‘ऑन’पर्यंतच फिरवा, इंजिन सुरू करू नका. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर ब्रेकवर किंवा क्लचवर पाय न ठेवता बटण दाबा. बहुतेक गाड्यांत एकदा दाबलं की रेडिओपुरती वीज येते आणि दुसऱ्यांदा दाबलं की इग्निशन ऑन होतं.

आता मीटरवर एकदम बरेच दिवे लागतील. यात बिघाड काही नाही, दिवे चालतात की नाही याची गाडी स्वतःच चाचणी घेत असते. फोनवर त्याचा व्हिडिओ काढा. काही सेकंदांत एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा), एअरबॅग यांसारखे दिवे आपोआप विझतात. ऑइल आणि बॅटरीचे दिवे मात्र इंजिन सुरू होईपर्यंत लागलेलेच राहतात, कारण इंजिन बंद असताना ऑइलला दाब नसतो आणि बॅटरी चार्जही होत नसते. इंजिन सुरू करा आणि कोणता दिवा कधी विझला ते वहीत लिहा. हँडब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडल्यावर विझला पाहिजे.

एक चूक जवळपास सगळेच करतात. कोणते दिवे विझले एवढंच पाहतात आणि कोणता दिवा लागलाच नाही इकडे लक्ष देत नाहीत. जुनी गाडी घेताना हे फार महत्त्वाचं आहे. किल्ली ऑन केल्यावर एअरबॅगचा किंवा इंजिनचा दिवा क्षणभरही लागला नाही, तर तो खराब असेल किंवा बिघाड लपवण्यासाठी मुद्दाम बंद केलेला असेल. लागून राहिलेल्या दिव्यापेक्षा मला अशा मुक्या दिव्याचीच जास्त काळजी वाटते.

तपासा: व्हिडिओतला प्रत्येक दिवा मॅन्युअलमधल्या तक्त्याशी जुळवा. एकही चित्र अनोळखी राहिलं असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: न बघता हात पोहोचला पाहिजे

बटणांची ओळख लोक स्क्रीन आणि गाण्यांपासून सुरू करतात. सुरुवात याच्या उलट टोकाकडून करा. अडचणीत ज्यांची गरज पडते ती बटणं आधी: हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम लावणारं), हेडलाइट, वायपर, हॉर्न आणि काचेवरची वाफ घालवणारं बटण. डोळे मिटून प्रत्येकावर हात नेऊन पाहा. तीनदा सलग चुकला नाहीत तरच ते बटण तुम्हाला येतं असं समजा.

हेडलाइटचा दांडा पूर्ण फिरवून पाहा. अप्पर लागला की मीटरवर निळा दिवा येतो आणि तो विसरला की समोरच्याचे डोळे दिपतात. मीटर उजळलं म्हणजे हेडलाइट लागले, असं मानू नका. अनेक गाड्यांत मीटर दिवसरात्र उजळलेलंच असतं आणि पुढचे दिवसाचे बारीक दिवेही आपोआप लागतात. मागचे दिवे त्या वेळी बंद असू शकतात. एकदा खाली उतरून मागे जाऊन खात्री करा.

काचेवरच्या वाफेत सगळ्यांचा गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. वाफ आत आहे की बाहेर, हे आधी बोटाने पुसून पाहा. आत असेल तर हवेचा झोत काचेकडे वळवा, एसी चालू करा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या. एसी हवेतली आर्द्रता काढून घेतो, त्यामुळे थंडीतही तो लागतो. हवा कोमट ठेवली तरी चालेल. लोक नेमकं उलट करतात, आतली हवा फिरवत ठेवतात आणि मग श्वासातली वाफ पुन्हा काचेवरच बसते. वाफ बाहेरून आली असेल तर एसीच्या गार झोताने काच थंड झालेली असते. अशा वेळी वायपर फिरवा आणि झोत काचेवरून हटवा.

मीटरवरच्या दोन छोट्या खुणा पाहून ठेवा. इंधनाच्या पंपाच्या चित्राशेजारी बाण असेल तर टाकीचं झाकण त्या बाजूला असतं. इंडिकेटर एकाएकी नेहमीपेक्षा भरभर टिकटिकू लागला तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असण्याची शक्यता मोठी.

शेवटी, चालती गाडी अडचणीत बंद कशी करायची ते मॅन्युअलमधून वाचून पाठ करा. बटणाच्या गाड्यांत बहुधा बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं किंवा लागोपाठ दाबावं लागतं, पण प्रत्येक गाडीत पद्धत वेगळी असते. विजेवरच्या हँडब्रेकचंही तसंच: चालत्या गाडीत त्याचा खटका धरून ठेवला तर काय होतं, ते फक्त वाचा, रस्त्यावर करून पाहू नका.

इशारा: गाडी पुढे सरकत असताना किल्ली पूर्ण बंद करून बाहेर काढू नका. स्टिअरिंगला कुलूप बसू शकतं. शिवाय इंजिन बंद झालं की एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक जड होतो.

## टप्पा ४: आधी रंग, मग चित्र

पन्नास चित्रं पाठ करायची गरज नाही. लाल म्हणजे सुरक्षित जागा पाहून थांबा. पिवळा म्हणजे गाडी चालेल, पण लवकर दाखवा. हिरवा आणि निळा म्हणजे सहसा एखादी यंत्रणा चालू आहे, एवढंच. चित्रंही बहुतांश गाड्यांत सारखीच असतात, कारण त्यांच्यासाठी आयएसओ २५७५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ बदलतो, आणि प्रत्येक यंत्रणेत वेगळा बदलतो. तो पुढे येईलच.

## टप्पा ५: लाल दिवे एकेक करून

ऑइल (किटलीसारखं चित्र). सर्वांत जास्त इंजिनं या दिव्याच्या गैरसमजापायी जातात असं माझं ठाम मत आहे. हा दिवा सहसा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलला दाब नाही हे सांगतो. दाब गेला की बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचत नाही आणि धातूवर धातू घासू लागतो. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ एवढा वेळही हातात नसतो. बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा. पाच-दहा मिनिटं थांबून सपाट जागेवर डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढा, पुसा, पुन्हा घाला आणि मग वाचा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. पातळी बरोबर असूनही दिवा लागला असेल तर पंप, सेन्सर किंवा इंजिनाच्या आत काही बिघडलेलं असू शकतं. इंजिन पुन्हा सुरू न करता गाडी उचलून न्यायला लावा. पातळी कमी असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रतीचंच ऑइल थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या पुढे भरणंही इंजिनाला वाईटच.

तापमान (पाण्यात थर्मामीटर). एसी बंद करा आणि थांबायला जागा मिळेपर्यंत हीटर पूर्ण गरम करून पंखा जोरात लावा. इंजिनातली थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. जागा मिळाली की इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास बोनेटखाली हात घालू नका.

इशारा: गरम रेडिएटरचं किंवा कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीचं झाकण उघडू नका. आत दाब असल्यामुळे कूलंट १०० अंशांच्या वरही द्रव राहतो आणि झाकण सैल होताच उकळत उसळून अंगावर येतो. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो.

बॅटरी. चित्र बॅटरीचं असलं तरी चालत्या गाडीत हा दिवा चार्जिंग थांबल्याचं सांगतो. दोष बहुधा अल्टरनेटरमध्ये (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रात), तो फिरवणाऱ्या पट्ट्यात किंवा सैल वायरमध्ये असतो आणि लोक मात्र नवी बॅटरी बसवून येतात. बोनेट उघडून पट्टा जागेवर आहे का पाहा. काही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. तसं असेल आणि पट्टा तुटला असेल तर इंजिन काही मिनिटांत तापेल, तेव्हा पुढे जाऊ नका. पट्टा शाबूत असेल तर एसी, रेडिओ, काच तापवणारी जाळी बंद करून जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी जा. मध्येच इंजिन बंद करू नका, पुन्हा सुरू न होण्याची शक्यता असते. घरी मल्टिमीटर असेल तर इंजिन बंद असताना चांगली चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना सहसा १३.५ ते १४.५.

ब्रेक (वर्तुळात उद्गारचिन्ह). हँडब्रेक पूर्ण सुटलाय का, हे आधी पाहा. सुटला असूनही दिवा असेल तर ब्रेक ऑइलची पातळी उतरलेली असू शकते. यामागे गळती असते किंवा ब्रेक पॅड झिजलेले असतात. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात आणि टाकीतलं ऑइल खाली जातं. म्हणून नुसतं ऑइल भरून दिवा विझवणं ही फसवी दुरुस्ती ठरते. पेडल मऊ लागत असेल किंवा खाली जात असेल तर गाडी जागची हलवू नका. लाल ब्रेक आणि पिवळा एबीएस दोन्ही एकदम लागले, तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी अडकून गाडी फिरू शकते.

एअरबॅगचा दिवा लागून राहिला तर अपघातात एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही. गाडी चालते, म्हणून हा दिवा महिनोन् महिने तसाच राहतो. सीटखालची वायर ओढून स्वतः दुरुस्ती करायला जाऊ नका.

## टप्पा ६: पिवळे दिवे, आणि लुकलुकण्याचा अर्थ

इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर आधी इंधनाच्या टाकीचं झाकण ‘टक्’ आवाज येईपर्यंत घट्ट करा. काही गाड्यांत सैल झाकणानेही हा दिवा लागतो आणि झाकण लावल्यावर बऱ्याच फेऱ्यांनंतर विझतो. तोच दिवा लुकलुकत असेल तर इंजिनात इंधन नीट पेटत नाहीये. न जळालेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग निकामी होतो. वेग उतरवा, ॲक्सिलरेटर हलका ठेवा आणि जवळ थांबा.

टायरच्या दिव्याचं वेगळं आहे. स्थिर असेल तर हवा कमी. सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर बहुतेक गाड्यांत तो सेन्सरचा दोष असतो. हवा टायर गार असतानाच मोजा, आणि आकडा टायरवरचा घेऊ नका. तो टायर सोसू शकेल तो कमाल दाब असतो. तुमच्या गाडीचा आकडा सहसा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो.

घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला दिवा लुकलुकला तर घसरण आवरणारी यंत्रणा त्या क्षणी काम करतेय, चाक निसटतंय, वेग कमी करा. स्थिर राहिला तर यंत्रणा बंद आहे किंवा बिघडली आहे. एबीएस एकटाच लागला तर साधा ब्रेक चालतो, फक्त जोरात दाबल्यावर चाकं अडकू शकतात.

डिझेल गाडीत स्प्रिंगसारखा दिवा विझेपर्यंत थांबून मग इंजिन सुरू करा. धुराच्या गाळणीचा दिवा लागला तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगाने मोकळ्या रस्त्यावर सलग गाडी चालवावी लागते, म्हणजे साठलेली काजळी जळून जाते. फक्त गर्दीतून छोट्या फेऱ्या मारणाऱ्यांना हा दिवा वारंवार दिसतो. पाना किंवा ‘सर्व्हिस’ असं दिसलं तर बहुतेक वेळा ती फक्त आठवण असते.

## टप्पा ७: दिवा लागल्यावर करायच्या गोष्टी, याच क्रमाने

१. रंग पाहा. लाल असला तरी एकदम ब्रेक मारू नका. इंडिकेटर देऊन बाजूला या, मग हॅझर्ड लावा.

२. मीटरचा फोटो काढा. त्यात दिवा, किलोमीटर, तापमानाचा काटा आणि वेळ दिसली पाहिजे. इंजिन बंद केल्यावर दिवा दिसेनासा होतो, म्हणून सुरक्षित उभे राहिलात की फोटो लगेच. ऑइलच्या लाल दिव्यात मात्र आधी इंजिन बंद, मग किल्ली नुसती ऑन करून फोटो; दिवा तेव्हा तसाही लागतो, हा फोटो किलोमीटर आणि वेळेसाठी.

३. आवाज, वास, धूर, जमिनीवरची गळती यांची दोन ओळींत नोंद करा.

४. मग मॅन्युअल, आणि त्यानंतर सर्व्हिस सेंटरला फोन.

इशारा: दिवा जावा म्हणून बॅटरीची तार काढू नका आणि कुणाकडून गाडीच्या संगणकातला बिघाडाचा कोड पुसून घेऊ नका. बिघाड झाला त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान वगैरे गाडीच्या संगणकात साठवलेलं असतं. ते पुसलं की मेकॅनिकचा धागा तुटतो आणि तुमचा पुरावाही जातो. स्वस्त ओबीडी यंत्राने (गाडीला जोडून बिघाडाचे कोड दाखवणाऱ्या) कोड वाचायला हरकत नाही, पण कोड फक्त लक्षण सांगतो. पी०३०० म्हणजे वेगवेगळ्या सिलिंडरांत ज्वलन चुकतंय. त्याचं कारण प्लग असेल, कॉइल असेल किंवा आणखी काही. कोड वाचून थेट सुटा भाग विकत आणणं ही मोठी चूक.

## टप्पा ८: वॉरंटी पुस्तिका मागून पुढे वाचा

लोक पहिल्या पानावरचा वर्षांचा आकडा वाचून थांबतात. तुम्ही ‘यात समाविष्ट नाही’ या पानापासून सुरुवात करा.

ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर, ऑइल असे झिजणारे किंवा संपणारे भाग बहुधा वगळलेले असतात. टायर आणि १२ व्होल्टच्या बॅटरीची वॉरंटी अनेकदा त्यांच्या स्वतःच्या उत्पादकाची असते, म्हणून ती कागदपत्रं वेगळी जपा. अपघात, पुराचं पाणी, चुकीचं इंधन, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी ही बाहेरची कारणं; ती वॉरंटीत बसत नाहीत, विम्यात बसतात का ते पाहावं लागतं. वॉरंटी बनावटीतल्या दोषापुरती असते.

मग मुदत. ‘३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते’ असं लिहिलं असेल आणि तुमची गाडी वर्षाला ४० हजार किलोमीटर पळत असेल, तर वॉरंटी अडीच वर्षांतच संपते. वहीत तारीख आणि किलोमीटर दोन्ही लिहा. मुदत सहसा पहिल्या विक्रीच्या किंवा ताब्याच्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे जुन्या गाडीत ती किती उरली आहे ते पहिल्या मालकाच्या कागदांवरून काढा. इंजिन-गिअरबॉक्स, गंज आणि इलेक्ट्रिक गाडीची मोठी बॅटरी यांच्या मुदती अनेकदा वेगळ्या असतात. बॅटरीसाठी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आणि क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेल्यास दुरुस्ती, ही अट अनेक उत्पादकांकडे दिसते. तुमच्या पुस्तिकेतला आकडा तोच आहे का ते पाहा.

सर्व्हिसच्या अंतरालाही ‘जे आधी होईल ते’ लागू असतं. गाडी कमी चालते म्हणून वर्षाची सर्व्हिस चुकवणारे इथेच अडकतात.

बाहेरून काही बसवायचं असेल तर मूळ वायर कापून जोड देऊ नका. नंतर विजेचा कुठलाही बिघाड झाला की बोट त्या जोडाकडेच जातं.

तपासा: वाढीव वॉरंटी घेणार असाल तर तिचं वगळणुकीचं पान पैसे भरण्यापूर्वी मागा. मूळ वॉरंटी चालू असतानाच ती घ्यावी लागते का, आणि गाडी विकल्यावर नव्या मालकाच्या नावे होते का, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

## टप्पा ९: तक्रार जॉब कार्डवर उतरली पाहिजे

तोंडी सांगितलेली तक्रार उरत नाही. जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटर तक्रार आणि काम नोंदवतं त्या कागदावर) ‘जनरल चेकअप’ लिहिलं असेल तर सही करू नका. ‘इंजिनाचा पिवळा दिवा, चढावर, इंजिन गरम असताना, ३२,४०० किलोमीटरला, सोबत धक्के’ इतकं नेमकं लिहायला लावा. फोटो दाखवा. दिवा मधूनमधूनच लागत असेल आणि ‘आता काही दिसत नाही’ असं उत्तर आलं, तरी नोंद करूनच घ्या. वॉरंटी संपायच्या आधी नोंदलेला दोष मुदतीनंतर पुन्हा उद्भवला, तर तुमच्या हातात काहीतरी असतं. दावा नाकारला तर कारण आणि पुस्तिकेतलं कलम लेखी मागा.

मुदत संपायच्या महिनाभर आधी एकदा गाडी नेऊन सगळ्या बारीकसारीक तक्रारी एकाच कार्डवर लिहून द्या. हे फार थोडे लोक करतात.

दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना कोणता कोड सापडला आणि कोणता भाग बदलला, हे बिलावर आहे का पाहा, बिल शून्य रकमेचं असलं तरी. मग तिथेच किल्ली ऑन करून दुसऱ्या टप्प्यातली हजेरी पुन्हा घ्या. ज्या दिव्यासाठी गाडी आणली होती तो आधी लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर गाडी तशीच परत आत पाठवा.